लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीला रंग आणि झीज कशी द्यावी : स्पिटफायर मार्क ९

प्रतिकृतीवर उमटवलेल्या प्रत्येक डागाला आणि ओरखड्याला मूळ विमानात काही कारण असले पाहिजे. हे पथ्य पाळले की वेदरिंगचे, म्हणजे झीज आणि मळ दाखवण्याचे, बहुतेक निर्णय आपोआप होतात, आणि न पाळल्यास सुबक रंगवलेले मॉडेलही केवळ मळकट दिसते. येथे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर मार्क ९ याची १/४८ प्रमाणातील (मूळच्या ४८ पट लहान) प्रतिकृती उदाहरण म्हणून घेतली आहे, कारण त्याची झीज कुठून आली हे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सांगता येते.

जोडणी पूर्ण झाल्यावर पंखांचे आणि धडाचे सांधे बारीक सँडपेपरने घासून घ्यावेत, मॉडेल सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे आणि हाताचा तेलकटपणा पुन्हा लागू नये म्हणून पुढे हातमोजे वापरावेत. कॉकपिटची काच मास्किंग टेपने झाकून राखाडी प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) पातळ थर द्यावा. राहून गेलेल्या फटी आणि ओरखडे या थरावर स्पष्ट दिसतात, त्यामुळे ते याच टप्प्यावर दुरुस्त करावेत. फवारणी हवेशीर जागेत आणि रासायनिक वाफा अडवणारा मास्क लावूनच करावी. अॅक्रिलिक रंगांच्या बाबतीतही ही काळजी सोडू नये.

ऑगस्ट १९४१ पासून ब्रिटिश हवाई दलाच्या दिवसा लढणाऱ्या विमानांवर वरच्या बाजूस डार्क ग्रीन आणि ओशन ग्रे, तर खालच्या बाजूस मीडियम सी ग्रे हे रंग असत. शेपटीपुढचा पट्टा आणि पुढच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) स्पिनर, म्हणजे त्याच्या मध्यावरची टोकदार टोपी, ‘स्काय’ या फिकट हिरवट छटेत असे. तामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या अॅक्रिलिक मालिकेत या तीन मुख्य रंगांसाठी अनुक्रमे एक्सएफ-८१, एक्सएफ-८२ आणि एक्सएफ-८३ मिळतात. रंग त्याच्याच थिनरने दुधाइतका पातळ करावा, एअरब्रशचा (हवेने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाचा) दाब १५ ते २० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) ठेवावा आणि एका जाड थराऐवजी तीन-चार झिरझिरीत थर द्यावेत. लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद भासतात. म्हणून हिरव्या रंगात थोडा फिकट राखाडी मिसळणे मला आवश्यक वाटते.

आधी खालची बाजू, मग ओशन ग्रे आणि शेवटी हिरवे पट्टे, असा क्रम ठेवावा. दोन रंगांची सीमा मूळ विमानावर थोडी मऊ असली, तरी ४८ पट लहान झाल्यावर ती मिलिमीटरहूनही अरुंद उरते. त्यामुळे मोकळ्या हाताने धूसर कडा फवारण्यापेक्षा चिकट पुट्टीच्या बारीक वळकट्या सीमेवर ठेवून फवारणे चांगले. प्रत्येक पॅनलच्या (पत्र्याच्या तुकड्याच्या) मध्यभागी मूळ रंगाची किंचित फिकट छटा हलकेच मारली, की उन्हाने विटलेल्या पत्र्याचा भास होतो. मॉडेल १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेतील (फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरले त्या वेळचे) असेल, तर काळे-पांढरे ‘इन्व्हेजन’ पट्टेही हवेत. एका इंजिनाच्या विमानांवर ते १८ इंच रुंद असत, म्हणजे या प्रमाणात सुमारे साडेनऊ मिलिमीटर. जून १९४४ मध्ये अनेक ठिकाणी ते घाईने, ब्रशने रंगवले गेले होते, त्यामुळे त्यांच्या कडा थोड्या वाकड्या राहिल्या तर त्या सरळ करत बसू नये.

यानंतर चकचकीत वॉर्निशचा थर देऊन एक दिवस वाळू द्यावा. खडबडीत मॅट (चमक नसलेल्या) रंगावर डिकल, म्हणजे खुणा-चिन्हांचे पातळ चिकटचित्र, लावल्यास त्याखाली हवा अडकते आणि पारदर्शक भाग चंदेरी दिसतो. चकचकीत थर हे टाळतो. डिकलवर मऊ करणारे द्रावण लावल्यास ते पॅनलरेषांत नीट बसते. डिकल पक्के वाळल्यावर वॉर्निशचा आणखी एक थर द्यावा आणि मग एनॅमल वॉश (रेषांत उतरणारा अतिशय पातळ रंग) घ्यावा, तोही काळा नव्हे, तर हिरव्यावर गडद तपकिरी आणि राखाडीवर गडद करडा. तो रेषांत सोडून थोड्या वेळाने व्हाइट स्पिरिटने किंचित ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने पुसावा. पुसताना हात नेहमी हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, पुढून मागे न्यावा, कारण उरलेल्या रेघाही मग वाऱ्याने ओढल्यासारख्या दिसतात.

खरी झीज मॅट वॉर्निश दिल्यानंतर सुरू होते. वैमानिक डाव्या बाजूच्या लहान दारातून आत शिरत असे, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी पावलांची घासण उजवीकडच्यापेक्षा जास्त दाखवावी. इंजिनावरची झाकणे वारंवार उघडली जात, तेव्हा त्यांच्या खिळ्यांभोवती आणि कडांवर धातू उघडा पडणे स्वाभाविक आहे. स्पंजच्या तुकड्यावर चंदेरी रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ पूर्ण पुसावा आणि मगच अलगद टेकवावा. मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे मूळ विमानावर जवळपास पाच सेंटिमीटरचा, हे हिशोबात धरले की हात आपोआप आवरतो. शेपटीच्या सुकाणूवर चंदेरी ठिपका मुळीच देऊ नये. तो भाग कापडाने मढवलेला असल्याने त्याखाली चमकणारा पत्राच नव्हता.

मार्क ९ ला प्रत्येक बाजूस धुराची सहा नळकांडी होती. त्यांच्यामागे आधी पातळ केलेला गडद तपकिरी आणि मग त्याच्या मध्यभागी फिकट करडा पट्टा एअरब्रशने द्यावा. दोन्ही फवारे पंखाच्या मुळावरून मागे जाताना विरत गेले पाहिजेत. तोफा व मशीनगनच्या तोंडांवर धूळ आणि ओल अडवण्यासाठी लाल कापडी पट्ट्या चिकटवत. त्या शाबूत दाखवल्या असतील, तर मागे काजळी नको. त्या फाटलेल्या असतील, तरच खालच्या बाजूस काडतुसे बाहेर पडण्याच्या फटींपासून काळसर फराटे ओढावेत. दोन्ही एकत्र दाखवणे ही मॉडेलमध्ये वारंवार आढळणारी विसंगती आहे.

तेलाचे ओघळ सर्वांत शेवटी, म्हणजे मॅट थरानंतरच द्यावेत, नाहीतर त्यांची ओली चमक नाहीशी होते. नाकाखालच्या झाकणांच्या फटींपासून पोटाकडे जाणाऱ्या दोन-तीन बारीक तपकिरी रेषा पुरतात. त्या वाळल्या की काचेवरची टेप टोकदार चिमट्याने, कडेपासून हळूहळू सोडवावी आणि पंखा, चाकांची झाकणे व अँटेना हे नाजूक भाग अखेरीस बसवावेत.