न्हाणीघराला मॅट की ग्लॉसी? टाइल घेताना या चुका टाळा

गणपतीला मुंबईची मंडळी यायची म्हणून आम्ही घाईघाईने न्हाणीघर नवं केलं. जमिनीला आणि भिंतींना एकच पांढरी, आरशासारखी चकचकीत टाइल. दुसऱ्याच सकाळी आत्या घसरली. दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचली.

चूक टाइलची नव्हती, आमची होती. दुकानात आम्ही ती कोरडी पाहिली, तीही चपला घालून. आता कुणी विचारलं की मी सांगतो, पाण्याची बाटली आणि साबणाची वडी सोबत न्या, नमुना जमिनीवर ठेवून भिजवा आणि अनवाणी उभे राहा. दुकानदार हसला तर हसू दे. खोक्यावर आर९ ते आर१३ असा आकडा असेल तर तोही बघा. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त, आणि घरच्या न्हाणीघराला आर१० किंवा आर११ पुरे. मात्र ही चाचणी बूट घालून, तेल लावलेल्या उतारावर करतात. ओल्या अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी आहे. ती दिली असेल तर आधी ती वाचा.

मग पकड हवी म्हणून सगळीकडे मॅट, म्हणजे बिनचकाकीची टाइलच लावायची? ही दुसरी चूक. आमच्या शेजाऱ्यांनी भिंतींनाही खरखरीत मॅट लावली. साबणाचा थर त्या खरखरीत अडकतो, ब्रशने घासल्याशिवाय निघत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यात घर पावसाळाभर बंद असेल तर, बुरशी धरायला एवढं पुरतं. भिंतीवर कुणी चालत नाही, तिथे ग्लॉसीच बरी. फडकं मारलं की साफ, आणि माडाखालच्या अंधाऱ्या न्हाणीत उजेडही वाढतो. जमिनीलासुद्धा अंगणातली पार्किंगची टाइल नको. तिच्या खाचांत मळ बसतो.

रंग निवडताना आधी आपलं पाणी बघा. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर पांढऱ्या जमिनीवर तांबूस डाग पडतात. खाडीजवळच्या बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर काळ्या ग्लॉसीवर प्रत्येक थेंबाचा पांढरा ठसा राहतो. मधला राखाडी किंवा मातकट रंग दोन्ही झाकतो. डाग पडलेच तर ॲसिडची बाटली काढू नका, ते सांध्यांतलं सिमेंट खातं. चिंचेने तांब्याची भांडी उजळतात तसंच क्षाराला सौम्य आंबट पुरतं. पाणी घातलेलं व्हिनेगर पाच मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा.

टाइल चांगली, तरी जमीन निसरडी? बहुतेक वेळा ढाळ चुकलेला असतो. पाणी कोपऱ्यात थांबलं की शेवाळ आलंच, मग मॅट असो वा काही. फुटाला पाव इंच ढाळ जाळीकडे हवा. दोन फुटी टाइल चारी बाजूंनी उतरवणं गवंड्याला कठीण जातं. एक फुटी किंवा त्याहून लहान घेतली तर ढाळ सहज बसतो, आणि सांधे जास्त म्हणून पायाला पकडही मिळते. त्या सांध्यांत पांढरं सिमेंट न भरता इपॉक्सी ग्राउट भरा. महाग आहे, पण पाणी पीत नाही. गवंडी कुरकुरेल, कारण ते लवकर सुकतं आणि लगेच पुसावं लागतं.

आणि हो, पाच-सहा टाइल जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा, खोक्यावरच्या शेड नंबरासकट. पुढच्या वर्षी तीच टाइल मिळाली तरी रंग तोच असेल असं नाही.