जुन्या जीपला घरच्या घरी रंग देताना

महिंद्राने १९४७ मध्ये विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे अनेक दशके त्याच घडणीच्या जीप आपल्याकडे बनत राहिल्या. त्या घडणीचा एक मोठा गुण रंगवणाऱ्याच्या कामी येतो. बोनेट, मडगार्ड, पुढची जाळी आणि काचेची चौकट हे सारे भाग साध्या नट-बोल्टवर बसवलेले असतात, आणि पत्रा बहुतेक ठिकाणी सपाट असतो. त्यामुळे एकेक भाग उतरवून, अंगणात दोन स्टुलांवर ठेवून, सवडीने रंगवता येतो. माझी १९९२ ची एमएम ५४० ही महिंद्राची जीप मी अशीच घराच्या मागच्या शेडमध्ये महिनाभर सुट्टीच्या दिवशी रंगवली, आणि त्या अनुभवावरून सांगतो की कमी खर्चात हे काम उत्तम होऊ शकते. मात्र काटकसर रंगात आणि अवजारांत करावी, पत्र्याच्या तयारीत करू नये.

गॅरेजमध्ये आज बहुधा हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारे रसायन, मिसळायचा टू-के पीयू (दोन भागांचा पॉलीयुरेथेन) रंग मारतात. तो टिकाऊ असतो, पण त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फवाऱ्यातून श्वासावाटे आत गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि त्याला साधा कापडी किंवा धुळीचा मास्क अजिबात पुरत नाही. घरात मुले-माणसे वावरत असताना हा धोका पत्करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. लोखंडी दारे-खिडक्यांना लावतो तो चांगल्या प्रतीचा सिंथेटिक इनॅमल, चार इंची फोमचा रोलर आणि एक मऊ रुंद ब्रश एवढ्यावर जीपचे काम भागते. कॉम्प्रेसर आणि फवाऱ्याची गन भाड्याने आणण्याचीही गरज पडत नाही.

रंगाची छटा ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. जीप म्हटली की अनेकांच्या डोळ्यांसमोर लष्करी हिरवा रंग येतो, परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणालाही वापरता येत नाही. आणि मूळ रंग बदलणार असाल तर आरटीओत अर्ज करून आरसीवर नव्या रंगाची नोंद करून घ्यावी लागते. आरसीवर आहे तोच रंग पुन्हा दिला तर ही दगदग वाचते. मी तेच केले.

काम दिवाळीनंतर काढावे. पावसाळ्यातील दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो आणि रंग वाळता वाळत नाही, तर एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंगाची साय आधी धरते आणि खालचा थर ओलाच राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळचे दव पूर्ण उडाल्यावर सावलीत सुरुवात करून दुपारी तीनच्या आत हात उरकावा.

आता गंजाकडे वळू, कारण खरे श्रम इथेच आहेत. आधी खालून-वरून भरपूर पाण्याने धुऊन माती काढावी; गाडी कोकणात वावरलेली असेल तर खारट हवेचे मीठ सांदीकोपऱ्यांतून धुऊन काढण्यासाठी दोन-तीन वेळा धुवावे. मग टोकदार पेचकस घेऊन पॅडलखालचा फ्लोअर, सीटखालची पेटी, बॅटरीची बैठक, मागच्या चाकांच्या कमानी आणि टप (जीपचा पत्र्याचा सांगाडा) जिथे चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीवर, टेकतो त्या जागा टोचून पाहाव्यात. माझ्या जीपला चालकाच्या पायाखाली वरून शाबूत दिसणारा पत्रा होता. पेचकस टेकवताच तो बिस्किटासारखा चुरला आणि खाली सुपारीएवढे भोक दिसले. अशा भोकावर लांबी (पोचे बुजवण्याची पुट्टी) भरणे म्हणजे पुढच्या पावसाळ्याला आमंत्रण देणे होय. तेवढा तुकडा कापून फेब्रिकेटरकडून नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा, आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवून ठेवाव्यात.

उरलेला गंज तारेच्या ब्रशाने आणि ८० नंबरच्या सँडपेपरने चकचकीत लोखंड लागेपर्यंत खरवडावा. बारीक खड्ड्यांत रुतून बसलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट रिमूव्हर लावले की तो काळपट पडतो. मग ती जागा स्वच्छ धुऊन लगेच कोरडी करावी. जुना रंग खरवडताना धूळ नाकात जाऊ देऊ नये, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते; घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली, आणि ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची आहे.

जिथे जुना रंग घट्ट आहे तिथे तो सगळा उतरवण्याची गरज नसते. २२० आणि मग ३२० नंबरच्या पेपरने त्याची चमक मारली तरी चालते. मात्र तो रंग कोणता आहे हे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरमध्ये भिजवलेला बोळा मिनिटभर दाबून धरून तपासावे. रंग विरघळून बोळ्याला लागला तर तो एनसी, फुगून सुरकुतला तर इनॅमल, आणि जसाच्या तसा राहिला तर हार्डनरवाला. इनॅमलवर एनसी रंग कधीच मारू नये, त्याचे कडक थिनर खालचा थर उचलते. आपण वर इनॅमल देणार असल्यामुळे ही अडचण सहसा येत नाही, हाही त्याचा एक फायदाच.

उघड्या पत्र्यावरचे तेल काढल्यानंतर त्यावर थोडे पाणी शिंपडून पाहावे. पाणी एकसंध पसरले तर पत्रा स्वच्छ आहे; ते थेंबाथेंबांनी गोळा झाले तर तेलाचा अंश उरला आहे आणि पुन्हा पुसायला हवे. पत्रा पूर्ण कोरडा झाला की त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर द्यावा. रेडऑक्साइड प्रायमर स्वस्त पडते, पण पोचे भरण्याची लांबी त्यावर नीट धरत नाही, म्हणून बाहेरच्या पत्र्याला ते मी वापरत नाही.

पोच्यांवर हार्डनरची लांबी पातळ थरांत भरावी आणि ती कोरडीच घासावी. आपल्याकडे लांबी पाणी लावून घासण्याची सवय सर्रास आहे, आणि माझ्या आधीच्या जीपला मीही तसेच केले होते. लांबीने पाणी शोषून घेतले आणि पुढच्या श्रावणात दारामागच्या पत्र्यावर मोहरीएवढे फोड उमटले. घासण्यापूर्वी त्या जागेवर स्प्रेच्या डब्याने काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा उडवावा आणि लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासावे. जिथे काळे ठिपके शिल्लक राहतात तिथे अजून खोलगट आहे, हे बोटाला कळण्याआधी डोळ्यांना दिसते. लांबी सपाट झाली की तिच्यावर पुन्हा प्रायमरचा हात देऊन तो वाळल्यावर ४०० नंबरने हलकेच घासावा.

रंगात सुमारे एक दशांश टर्पेंटाइन मिसळून, मलमली कापडातून गाळून, तो जाडसर ताकासारखा करून घ्यावा. रोलरने दोन-अडीच फुटांचा पट्टा भरावा आणि लगेच जवळजवळ कोरडा ब्रश, नुसत्या टोकाने, एकाच दिशेने त्यावरून ओढावा, म्हणजे बुडबुडे फुटून रंग आपोआप समतल होतो. पहिल्या हातातून खालचा प्रायमर दिसत राहील. तो झाकण्याच्या मोहाने जाड थर दिला की उभ्या पत्र्यावर ओघळ येतात. पातळ पाच हात द्यावेत, प्रत्येकानंतर किमान एक पूर्ण दिवस थांबावे, आणि दर दोन हातांनंतर ६०० नंबरच्या वॉटरपेपरने पाण्यात घासून धूळ व ब्रशाच्या रेषा काढाव्यात. इथे पाणी चालते, कारण लांबी आता रंगाखाली बंद झालेली असते. उघड्या जीपला आतून-बाहेरून चार लिटर रंग पुरला. रंगाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ती आतून तापून पेट घेऊ शकतात, म्हणून दोरीवर पसरून वाळवावीत.

शेवटच्या हातानंतर मास्किंग टेप रंग पूर्ण कडक होण्यापूर्वीच, तिरकी ओढून काढावी, नाहीतर कडेचा रंग तिच्याबरोबर सोलून येतो. इनॅमल हाताला एका दिवसात कोरडा लागतो, पण नखाने खरवडला जाणार नाही इतका घट्ट व्हायला तीन आठवडे सहज लागतात. तोवर नट-बोल्ट आवळू नयेत. जोडणी करताना बोनेटच्या बिजागरीखाली आणि काचेच्या चौकटीखाली नवे रबर घालावे, आणि पान्याने खरचटलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर लहान ब्रशाने रंगाचा एक ठिपका द्यावा, कारण नवा गंज तिथूनच सुरू होतो. उरलेला रंग लहान बाटलीत काठोकाठ भरून, घट्ट झाकण लावून, सावलीत ठेवावा. भरल्या बाटलीत हवा कमी राहते आणि रंगावर साय धरत नाही.