आदळलेली गोळी वाचावी कशी

लक्ष्यावर आदळून विद्रूप झालेली गोळी हाती आली की नजर साहजिकच तिच्या फुललेल्या किंवा चपट्या टोकाकडे जाते, आणि नवशिका तपासनीस बहुधा तिथेच अडकतो. वाचन बुडापासून सुरू करावे. टोकावर लक्ष्याचा ठसा असतो, तर बुडालगतच्या अंगावर बंदुकीच्या नळीचा; हे दोन्ही लेख एकमेकांत मिसळू न देणे हेच या कामातले निम्मे कौशल्य आहे.

गोळी प्रथम धुऊ नये. तिच्यावर चिकटलेला धागा, रंगाचा कण, काचेचा चुरा किंवा रक्ताचा थर हा गोळीइतकाच महत्त्वाचा पुरावा असतो. शुद्ध शिशावर नखानेही ओरखडा उठतो, त्यामुळे धातूचा उघडा चिमटा वापरू नये आणि ओळखीची खूण गोळीच्या अंगावर कोरू नये. मोजपट्टी शेजारी ठेवून सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि मगच वजन करावे. सापडलेल्या गोळीचे वजन 5 ग्रॅम भरले, तर त्यावरून ती मुळात 5 ग्रॅमची होती असे म्हणता येत नाही. शिसे झडून गेलेले असू शकते. 9 मिलिमीटर पिस्तुलाची गोळी साधारणपणे साडेसात ते आठ ग्रॅमची असते, म्हणजे तीही इथे शक्यतेबाहेर जात नाही. उलट तिच्यात काच किंवा खडी रुतलेली असेल, तर तेवढे वजन उसने असते.

आकाराचा अर्थ लावण्यापूर्वी गोळी मुळात का वाकते हे समजून घ्यावे. पाण्यासारख्या माध्यमात शिरताना टोकावर येणारा दाब माध्यमाची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या साधारण निम्मा असतो. सेकंदाला 350 मीटर वेगाने पाण्यात शिरणाऱ्या गोळीच्या टोकावर हा दाब सुमारे 60 मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सहाशे पट होतो, आणि मऊ शिसे त्याच्या काही अंश दाबालाच हार मानते. रायफलीच्या गोळीचा वेग 900 मीटर धरला, तर वेग अडीचपट वाढतो, पण दाब साडेसहापटीच्या आसपास जातो. फुललेली गोळी पाहून ती वितळली असावी असा समज वारंवार आढळतो. वास्तविक शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते आणि मऊ लक्ष्यात गोळीचे टोक वितळत नाही, ते घन अवस्थेतच ओघळते.

तांब्याच्या मिश्रधातूचे संपूर्ण आवरण असलेली पिस्तुलाची गोळी मात्र पाण्यातून जवळजवळ जशीच्या तशी बाहेर येते, आणि म्हणूनच प्रयोगशाळेत तुलनेसाठीच्या गोळ्या पाण्याच्या टाकीत झाडल्या जातात. पोकळ टोकाच्या गोळीत तोच दाब पोकळीत शिरून भिंती बाहेर ढकलतो आणि आवरणाच्या पाकळ्या होतात. (युद्धात फुलणाऱ्या गोळ्या वापरण्यास 1899 च्या हेग घोषणेने मनाई केली, ती याच गुणधर्मामुळे.) सर्व बाजूंनी सारख्या उमललेल्या पाकळ्या दिसल्या, तर गोळी ओलसर, मऊ माध्यमात सरळ टोकाने शिरली असे मानण्यास आधार मिळतो. पोकळ टोकाची गोळी उमललेलीच नसेल, तर पोकळीत डोकवावे. कापड, लाकूड किंवा भिंतीचा गिलावा तिथे बुचासारखा बसलेला असतो आणि मग दाबाला आत शिरायला वाव उरत नाही.

रायफलीच्या लांब, आवरणयुक्त गोळीचे वागणे निराळे असते. तिचा गुरुत्वमध्य मागच्या बाजूला असल्यामुळे दाट माध्यमात ती आडवी वळते, सगळा दाब अंगावर घेते आणि दोन्ही बाजूंनी चेपली जाते. बूड उघडे असेल तर तिथून शिसे पिळून बाहेर पडते. अशा गोळीचे टोक शाबूत असून बूड फाटलेले दिसणे यात काही विपरीत नाही.

सर्वांत जास्त चुका होतात त्या घसटून उसळलेल्या गोळीच्या बाबतीत. तिच्या एका बाजूला सपाट पैलू असतो आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात. काँक्रीट किंवा पोलाद यांसारख्या कठीण पृष्ठभागावरून गोळी आल्या कोनापेक्षा लहान कोनात, पृष्ठभागाला लगटूनच निघते. पाणी किंवा वाळूवरून मात्र ती बहुधा आल्या कोनापेक्षा मोठ्या कोनात उसळते. आरशावरच्या प्रकाशकिरणाचा नियम इथे लावला, तर गोळीबाराची जागा भलतीकडेच निघेल. उसळलेली गोळी पुढे कोलांट्या घेत जाते, त्यामुळे पुढच्या लक्ष्यावरचे छिद्र गोल नसून पुष्कळदा लांबट असते. सपाट पैलू असलेल्या गोळीवर नंतर पाकळ्याही उमटलेल्या असतील, तर कोणती खूण कोणत्या खुणेवर चढली आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून क्रम ठरवावा.

इतर लक्ष्ये तुलनेने सरळ बोलतात. पोलादी पत्र्यावर काटकोनात आदळलेले शिसे चकतीसारखे पसरते. काचेतून गेलेल्या टोकाला खरकागदासारखा खरखरीतपणा येतो. मऊ शिशाच्या टोकावर कधी कधी कापडाची वीणसुद्धा उमटलेली सापडते.

केवळ आकारावरून वेग सांगण्याचा मोह टाळावा, कारण तीच विकृती कमी वेग आणि कठीण लक्ष्य किंवा जास्त वेग आणि मऊ लक्ष्य या दोन्हींतून येऊ शकते. शंका असेल तिथे त्याच प्रकारचे काडतूस त्याच प्रकारच्या लक्ष्यावर नियंत्रित परिस्थितीत झाडून तुलना करावी.

नळीच्या आतल्या पीळदार खोबणींनी गोळीच्या अंगावर उमटवलेल्या खुणा मोजताना बुडालगतचा कमीत कमी पसरलेला भाग निवडावा आणि खुणांची संख्या, रुंदी व पीळ डावा की उजवा हे नोंदवावे. पुढच्या भागात धातू ताणला गेल्यामुळे रुंदी फसवी असते. आवरण आणि गाभा वेगळे झाले असतील, तर या खुणा आवरणावरच असतात. गाभ्याच्या शिशाचा नळीशी संबंधच आलेला नसतो. क्ष-किरण चित्रात मात्र शिसे ठळक दिसते आणि तांब्याचे पातळ आवरण फिके, त्यामुळे शरीरातून जड गाभा काढला की काम झाले असे वाटून आवरण आतच राहून जाते. गाभा हाती आला तरी आवरण मिळेपर्यंत शोध थांबवू नये, आणि क्ष-किरण चित्र पाहणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवावे.