झिजलेल्या राणीछाप रुपयाचं साल आणि किंमत कशी काढायची

आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडं जुन्या घरात ट्रंकेच्या तळाशी नाहीतर देवघरातल्या डब्यात दोन-चार राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चेहरा असलेले चांदीचे, रुपये सापडतातच, आणि त्यातला एखादा कडी लावून माळेत घातलेला, भोक पाडलेला, नाहीतर साल पार गुळगुळीत झालेला असतोय. मग घरातलं कोणतरी मोबाईलवर "लाखात जातंय" म्हणणारा व्हिडिओ दाखवतंय. तेवढ्यासाठी हे सांगालोय.

पहिली गोष्ट, घासू नका. आज्जी पितळेच्या तांब्याला चिंच लावायची तसं नाण्याला केलंत की उरलीसुरली अक्षरंपण जातात आणि नाणं घेणाऱ्याला तो खोटा चकचकीतपणा लगेच कळतो. माती असली तर साध्या पाण्यात भिजवायचं, कापसानं टिपायचं, झालं.

साल दिसत नसलं तर खोलीत अंधार करून मोबाईलची टॉर्च बाजूनं, अगदी आडवी मारा आणि नाणं हळूहळू फिरवा, जे डोळ्याला दिसत नाही ते सावलीत उठतंय. तरी नाही दिसलं तर चेहरा बघा. राणीच्या डोक्यावर मुकुट नसला तर 1840 चं नाणं. मुकुट असला तर 1862 पासूनचं, आणि तिथं अक्षरं कामाला येतात: इंग्रजीत डबल ई उरलेलं दिसलं तर 'क्वीन', म्हणजे 1876 पर्यंतचं, शेवटी डबल एस दिसलं तर 'एम्प्रेस', 1877 ते 1901. दाढीवाला बिनमुकुटाचा राजा म्हणजे एडवर्ड, 1903 ते 1910. दाढी आणि मुकुट दोन्ही असले तर पाचवा जॉर्ज, 1911 पासून. बिनदाढीचा मुकुटवाला सहावा जॉर्ज, 1938 पासून. एक गंमत बघा, 1862 लिहिलेला रुपया 1862 लाच पाडला असं काही नाही, तेच साल ठेवून टाकसाळीत पुढं कितीतरी वर्षं पाडत होते, म्हणून सालाखालचे बारीक ठिपकेपण मोजून ठेवा.

आता वजन. रुपया 11.66 ग्रॅमचा, जुना तोळा म्हणजे हाच, आताचा सराफाचा 10 ग्रॅमचा तोळा वेगळा, तिथं घोटाळा करू नका. झिजून थोडं कमी भरेल ते चालतंय, पण 10 च्या खाली गेलं तर संशय घ्यायचा. कडी जोडलेली असली तर तिच्या टाक्यानं वजन उलट वाढतं. 1939 पर्यंतच्या रुपयात चांदी 91.7 टक्के, म्हणजे साधारण 10.69 ग्रॅम, आणि 1940 ते 45 च्यात निम्मीच. 1947 चा असला तर चुंबक लावून बघा, चिकटतोय, कारण तो निकेलचा, चांदी नाहीच.

किंमत अशी धरा: चांदीचे ग्रॅम गुणिले आजचा भाव, हा तळ. भोक किंवा टाका असला आणि साल नेहमीचं असलं तर त्याच्यावर फारसं मिळत नाही, मन घट्ट करा. दुर्मिळ साल असलं, समजा 1939 चा चांदीचा सहाव्या जॉर्जचा रुपया, तर खराब असूनपण वेगळं बोलणं होतंय. 1911 चा, राजाच्या कपड्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसणारा, पाचव्या जॉर्जचा रुपयापण लोक मागतात.

आणि तांब्याची शिवराई मिळाली तर 'श्री राजा शिव' मधलं निम्मं गायब म्हणून फेकू नका. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळं पाडतानाच अक्षरं बाहेर जायची, ते नुकसान नव्हे. शेतात, घराचा पाया खणताना नाण्यांचा गडवा (तांब्या) सापडला तर मात्र परस्पर विकायचं नाही, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला कळवावं लागतंय. आणि फोनवर "नाणं लाखात घेतो, आधी टॅक्स भरा, मग पैसे" म्हणणारा भेटला की लगेच ब्लॉक.