अवघड भावना आणि चित्रपुस्तके: वाचून दाखवताना या चुका टाळा

मूल अंधाराला घाबरू लागले, धाकटे भावंड आल्यावर हिरमुसले किंवा घरातल्या मृत्यूनंतर गप्प झाले, की त्या विषयावरचे चित्रपुस्तक शोधण्याची घाई सुरू होते. पुस्तक बहुतेक वेळा बरे सापडते. ते वाया जाते वाचून दाखवणाऱ्याच्या उतावीळपणामुळे. ‘बिब्लिओथेरपी’, म्हणजे पुस्तकांतून उपचार, हा शब्द अमेरिकन निबंधकार सॅम्युअल क्रॉदर्स यांनी १९१६ मध्ये वापरला तो एका मिस्कील लेखात, ज्यात उपचारासाठी आलेल्यांना औषधांऐवजी पुस्तके लिहून दिली जातात. ती थट्टा आज आपण जरा जास्तच मनावर घेतलेली दिसते.

सर्वांत नुकसान करणारी चूक म्हणजे पात्रावरून थेट मुलावर येणे. “बघ, हे अस्वलपण तुझ्यासारखंच चिडतं. मग तू काय करायला हवंस?” असे विचारताच मुलाच्या लक्षात येते की गोष्ट हे केवळ निमित्त होते आणि खटला आपल्यावरच चालला आहे. राग अस्वलाला आलेला असतो, खेळणी त्याने फेकलेली असतात, म्हणूनच मूल त्या रागाकडे निर्धास्तपणे पाहू शकते, अस्वलाची बाजू घेऊ शकते किंवा त्याला नावेही ठेवू शकते. ही मोकळीक काढून घेतली, तर त्या पुस्तकात आणि एरवीच्या उपदेशात काही फरक उरत नाही. त्यामुळे प्रश्न अस्वलाबद्दलच विचारावेत. “त्याला एवढा राग कशाचा आला असेल?” किंवा “दार लावून घेतल्यावर त्याला कसं वाटलं असेल?” एवढे पुरते, आणि प्रत्येक पानावर तर तेही नको. मूल स्वतःहून “मलापण असं होतं” म्हणाले, तर वाचन थांबवून त्याचे ऐकावे; नाही म्हणाले, तर गोष्ट पुढे न्यावी.

दुसरी चूक वेळेची. रडारड आणि आदळआपट ऐन भरात असताना मूल गोष्ट ऐकण्याच्या स्थितीत नसते. त्या वेळी जवळ बसणे, आवाज खाली आणणे आणि कोणाला लागणार नाही एवढे पाहणे हेच काम असते. पुस्तक नंतर, एखाद्या शांत वेळी काढावे. मात्र ते दर वेळी भांडणानंतरच बाहेर येऊ लागले, तर त्याला शिक्षेचा वास लागतो आणि मूल मुखपृष्ठ पाहताच तोंड फिरवते. रागाचे किंवा भीतीचे पुस्तक गमतीच्या पुस्तकांतच ठेवावे आणि सगळे सुरळीत असतानाही वाचावे.

अजून वाचता न येणारी मुले वाचनाच्या वेळी मजकुराकडे फारसे पाहतच नाहीत. त्यांची नजर चित्रांवरच असते, असे डोळ्यांच्या हालचाली नोंदवणाऱ्या अभ्यासांत दिसले आहे. तरीही शेवटचे वाक्य संपले की आपण पान उलटतो. आवळलेली मूठ, वळवलेली पाठ, भल्यामोठ्या पानाच्या कोपऱ्यात इवलीशी काढलेली आकृती यांतून जे कळते ते मजकुरात बहुधा नसतेच, म्हणून पान उलटण्याचे काम मुलाकडे सोपवावे.

मृत्यूवरचे पुस्तक आधी स्वतः वाचून घ्यावे. “झोपी गेले”, “लांबच्या प्रवासाला गेले” अशी भाषा लहान मुले शब्दशः घेतात, आणि मग झोपायची किंवा कोणी बाहेरगावी जाण्याची भीती बसू शकते. शरीराचे काम कायमचे थांबले, असे साधेपणाने सांगणारे पुस्तक निवडावे. मृत्यूनंतर परत येता येत नाही, ही गोष्ट पाच-सहा वर्षांपर्यंतच्या अनेक मुलांना पुरती उमगलेली नसते, त्यामुळे “आजी कधी येणार?” हा प्रश्न पुस्तक वाचून झाल्यावरही येतो, पुस्तक फसले असा त्याचा अर्थ नव्हे. वाचताना आपलाच आवाज दाटला, तर पाने गाळण्यापेक्षा “मलाही वाईट वाटतंय” असे सांगून पुढे वाचावे.

मूल मधेच उठून गेले, तर पुस्तक मिटून हाताशी येईल असे ठेवावे आणि त्याबद्दल काही बोलू नये. दुःखाच्या पानावर ते हसले तर रागावू नये, कारण अवघडलेपण मुले अनेकदा हसण्यावारी नेतात. तेच पुस्तक रोज मागितले तर कंटाळा आपल्याला येतो. मुलाचे त्या पानाशी काहीतरी काम चाललेले असते. भीती उलट वाढली, तर मात्र ते पुस्तक काही काळ बाजूला ठेवावे.

झोप किंवा जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेले असेल, अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू झाली असेल, किंवा मूल शाळा व खेळ दोन्ही टाळत असेल, तर नवे पुस्तक शोधत न बसता बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांच्या समुपदेशकाला भेटावे. स्वतःला इजा करण्याची भाषा मुलाच्या तोंडी आली, तर ही भेट त्याच दिवशी घ्यावी.