पांढरा की स्टीलचा? खाऱ्या वाऱ्यातल्या स्वयंपाकघरासाठी फ्रीज, शेगडी, चिमणी कशी निवडावी

मृग लागला की आमच्या स्वयंपाकघरात पहिली खबर मिठाची बरणी देते. कालपर्यंत मोकळं असलेलं मीठ चिकट होतं, दोन दिवसांत बरणीच्या तळाशी पाणी दिसायला लागतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे ती त्याखाली क्वचितच उतरते. आता हेच मीठ फ्रीजच्या दारावर बसलेलं आहे असं समजा. समुद्रावरचा वारा उन्हाळाभर ते आणून बसवतो, डोळ्यांना दिसत नाही. पाऊस आला की त्यालाही पाणी सुटतं आणि पत्रा खायला सुरुवात होते. बाहेरच्या गेटवरचं मीठ पाऊस धुऊन तरी नेतो. घरातलं कोण धुणार?

पांढरं घ्यायचं की स्टीलचं, हा प्रश्न पुण्यात टाइल्सवर काय शोभेल एवढ्यावर मिटतो. वेंगुर्ल्यात मिटत नाही. आमचं घर किनाऱ्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर. हौसेने स्टीलच्या दाराचा फ्रीज आणला, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात हँडलखाली चहा उडाल्यासारखे तपकिरी ठिपके दिसले. (इंग्रजीतही या डागांना चहाचेच डाग म्हणतात.) मी हुशारीने तारेची घासणी घेतली आणि ते चकचकीत करून टाकले. महिन्याभरात दुप्पट आले. तारेचे बारीक कण स्टीलवर चिकटून राहतात आणि तेच गंजतात, हे नंतर कळलं.

१. आधी समुद्र किती लांब ते बघा

लाट जिथे फुटते तिथे खारे तुषार हवेत उडतात. किनाऱ्यालगतच्या पहिल्या काही शे मीटरांत त्यांचा जोर सर्वात जास्त. पुढे तो भराभर कमी होतो. स्टीलवाले साधारण पाच किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्याला जपून राहायला सांगतात. मालवणची दांडी किंवा रत्नागिरीचं भाट्ये इथला हिशेब वेगळा, कणकवली-देवरूखचा वेगळा. आत राहणाऱ्यांनी खुशाल आवडीने रंग निवडावा, पुढचा अर्धा लेख त्यांच्यासाठी नाही. खाडीकाठीही खारं असतंच, पण तिथे लाट फुटत नाही, त्यामुळे त्रास त्या मानाने कमी.

अंतर मोजत बसायचं नसेल तर पश्चिमेच्या खिडकीच्या गजावर बोट फिरवा आणि जिभेला लावा. खारट लागलं तर पुढे वाचा. गजांना दर वर्ष-दोन वर्षांनी नवा रंग द्यावा लागत असेल तर बोट लावायचीही गरज नाही.

२. स्टील म्हणजे नक्की काय, ते समजून घ्या

दुकानात ‘स्टील’ म्हणून दाखवतात त्यात बऱ्याचदा स्टेनलेस स्टील नसतंच. साध्या पत्र्यावर चंदेरी-करडा थर दिलेला असतो. लेबलावर ‘फिनिश’ किंवा ‘लुक’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो गुणाने पांढऱ्या फ्रीजचाच सख्खा भाऊ, फक्त कपडे वेगळे. आणि यात कमीपणा काही नाही. थर शाबूत आहे तोवर मीठ आतल्या पत्र्यापर्यंत पोचतच नाही.

खऱ्या स्टेनलेसची गंमत उलटी. त्याच्यावर रंग नसतो. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं, आणि त्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन अंगावर एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तर तो पुन्हा आपोआप धरतो. पण मिठातलं क्लोराइड नेमकं त्या पापुद्र्यालाच भोकं पाडतं. हे कोकणी माणसाला वेगळं सांगायला नको: कोकमाचं आगळ आपण बरणीत भरतो, स्टीलच्या डब्यात नाही. आंबट आणि खारट एकत्र आलं की डब्याला बारीक खड्डे पडतात, हे आजीला क्रोमियम हा शब्द न ऐकता ठाऊक होतं.

स्टेनलेसमध्येही प्रती (ग्रेड) आहेत, त्या आकड्यांनी ओळखतात. ४३० मध्ये निकेल जवळपास नसतं. ते स्वस्त, लोहचुंबकाला चिकटणारं, आणि उपकरणांच्या दारांना बरंच वापरलं जाणारं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ते जास्त टिकतं. ३१६ मध्ये वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, बोटींच्या सामानाला तेच लागतं, पण घरगुती फ्रीज त्याचा मिळेल अशी आशा धरू नका.

३. दुकानात जाताना खिशात लोहचुंबक ठेवा

चुंबक दाराला चिकटला नाही तर ३०४ असू शकतं, पण खात्री नाही. चिकटला तर ४३० किंवा रंगवलेला पत्रा, दोन्ही असू शकतं. मग नख वापरा. खऱ्या घासलेल्या स्टीलवर रेघा आडव्या असतील तर उभं नख फिरवल्यावर खरखर जाणवते. छापलेल्या रेघांवर बहुधा नख सुळकन घसरतं. पारदर्शक थर दिलेल्या स्टीलवर हीच चाचणी फसते, म्हणून तोंडाने विचाराच: “दाराचा पत्रा स्टेनलेस आहे की फिनिश?” दुकानदार “तेच हो ते” म्हणाला तर फिनिश.

मग वाकून बाजू बघा. कित्येक महागड्या स्टील फ्रीजचं फक्त दार स्टीलचं असतं, दोन्ही बाजू रंगवलेल्या. मागचा आणि खालचा पत्रा तर कुठल्याही रंगाच्या फ्रीजला साधाच, आणि खारी हवा तिथे पहिली घुसते. वॉरंटी कार्डात गंजाबद्दल काय लिहिलंय ते पैसे देण्याआधी वाचा. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी कॉम्प्रेसरचीच असते, दाराची नव्हे.

४. वस्तू एकेक करून ठरवा

सगळं एका रंगात हवं हा हट्ट सोडला तर निवड सोपी होते. जे रोज पाण्याने धुतलं जातं ते खुशाल स्टीलचं घ्यावं, कारण गोड्या पाण्याबरोबर मीठ निघून जातं. जे नुसतं अधूनमधून पुसलं जातं ते रंगाचं घ्यावं.

सिंक अर्थातच स्टीलचं, आणि त्यावर ३०४ छापलेलं आहे का ते बघून. (वाकवलेल्या कोपऱ्यांवर चुंबक थोडा धरतो, त्याने घाबरू नका.) शेगडीही स्टीलची चालते: सोलकढी सांडली, दूध उतू गेलं, तरी रात्री ती पुसून-धुऊन होतेच. तिच्यावरच्या काळ्या जाळ्या मात्र बहुधा रंगवलेल्या लोखंडाच्या असतात, त्या आधी गंजतात. चिमणीचं झाकण कशाचंही असो, आतला फिल्टर स्टेनलेस असावा.

फ्रीज आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या घरात पांढरा, किंवा कुठलाही नीट थर दिलेला. पांढऱ्यावर हळदीचे हात दिसतात ही तक्रार खरी आहे. पण दिसतात म्हणून लगेच पुसले जातात. स्टीलवर मासळीचे हात दुपारी दिसत नाहीत आणि संध्याकाळी तिरप्या उन्हात सगळे एकदम दिसतात. घरगुती खानावळ किंवा होमस्टे असेल तर हा विचार जास्तच करा. अडचण एवढीच की पांढरा मोठा फ्रीज आता दुकानात शोधावा लागतो. फुलाफुलांचे हवे तेवढे मिळतात.

मायक्रोवेव्ह कुठलाही घ्या. मिक्सर पांढरा असेल तर खिडकीच्या उन्हात ठेवू नका, प्लास्टिक पिवळं पडतं.

५. घरी आणल्यावर आधी प्लास्टिक सोला

दारावरची पारदर्शक फिल्म आपल्याकडे वर्षानुवर्षं जपली जाते, नवेपणा राहावा म्हणून. तिच्या सुटलेल्या कडेतून खारी ओल आत शिरते, अडकते आणि वाळत नाही. पहिल्या दिवशीच काढा. विणकामाचं, कप्पेवालं फ्रीज कव्हर पावसाळ्यापुरतं तरी कपाटात ठेवा. ज्यांनी विणलंय त्यांची समजूत कशी घालायची ते तुम्ही बघा.

स्टँड लोखंडी नको, प्लास्टिकचा. पांढरा फ्रीज बहुतेक वेळा खालच्या कडेला आधी गंजतो, आणि त्यात समुद्रापेक्षा रोज फरशीवर ओतलेल्या पाण्याचा वाटा मोठा.

६. पुसायची पद्धत

आमच्या शेजारच्या काकींचा नियम मी उचललाय: “मिठाक पाणी सुटला की फ्रीज पुसूचो.” पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा, एरवी एकदा. गोड्या पाण्यात पिळलेलं मऊ फडकं, मग लगेच कोरडं फडकं. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पिण्याचं पाणी घ्या, नाहीतर मीठच पुन्हा लावल्यासारखं. स्टील असेल तर रेघांच्या दिशेने पुसा आणि शेवटी खोबरेल तेलाचे दोन थेंब कापडावर घेऊन हात फिरवा.

स्टीलवर ब्लीचवालं काहीही नको, त्यातही क्लोरीन असतं. देवाची भांडी घासायचं चिंच-मीठ तांब्या-पितळेसाठीच ठेवा. तपकिरी डाग आलाच तर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट, मऊ कापड, भरपूर पाणी. पारदर्शक थराच्या स्टीलवर सोडाही घासू नका.

पांढऱ्याचा थर उडाला तर थांबू नका. प्लग काढा, तेवढीच जागा बारीक पॉलिश पेपरने लोखंड स्वच्छ दिसेपर्यंत घासा, कोरडी करा, रेड ऑक्साइडचा एक हात द्या, आणि तो वाळल्यावर पांढरा एनॅमल. हे काम मे महिन्यात करावं. जूनमध्ये लावलेला रंग आठवडाभर चिकटच राहतो.