भिजवलेल्या हरभऱ्यांनी अ‍ॅडेनिन कसे बांधावे

‘लघुग्रहावर अ‍ॅडेनिन सापडले’ असे नुसते सांगितले की मुले वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. तेच अ‍ॅडेनिन (डीएनएच्या घटकांपैकी एक रेणू) स्वतःच्या हाताने बांधले, तर घरी जाऊन आईला दाखवतात. सोलापुरात पूर्व भागातल्या नववी-दहावीच्या मुलांबरोबर मी हे सुट्टीच्या वर्गात करते. खर्च किराण्यापुरता.

देशी हरभरे म्हणजे कार्बन, हिरवे वाटाणे नायट्रोजन, पांढरे वाटाणे हायड्रोजन. एका गटाला प्रत्येक प्रकारचे पाच दाणे. फुटतात, म्हणून दोन-दोन जास्त भिजवा. शिवाय अणूंमधल्या बंधांसाठी दात कोरायच्या काड्या, अर्ध्या मोडून.

भिजवण्याकडे नीट लक्ष द्या, सगळे त्यावरच आहे. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हाळ्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याला सकाळी फेस आणि वास येतो. पाणी एकदा बदला, सात-आठ तासांनी उपसा. सालीवर सुरकुती नको. नखाने दाबले की खूण उमटावी, पण डाळ सुटू नये. अशा दाण्यात काडी करकरत जाते आणि घट्ट बसते.

आता हायड्रोजन सायनाइड, म्हणजे आपला कच्चा माल. पांढरा, हरभरा, हिरवा, एका सरळ रेषेत. असे पाच रेणू. कार्बन-नायट्रोजनमध्ये तिहेरी बंध असतो, पण तीन काड्या टोचल्या की हरभरा फुटतोच. म्हणून काडी एकच घाला, तीन रेघा वहीत काढा. हा वायू प्राणघातक आहे; शाळेच्या प्रयोगशाळेत सायनाइडचे नावही नको, हे स्पष्ट सांगा. धूमकेतूंच्या वायूंत आणि शनीचा चंद्र टायटन याच्या वातावरणात मात्र तो आहेच.

पाचही रेणू मोडा. दाणे तेच ठेवा. काड्या मात्र सोळा लागतील. आधी षटकोन: नायट्रोजन, कार्बन, नायट्रोजन आणि मग सलग तीन कार्बन. या तिघांतला मधला आणि एका कडेचा, या दोघांना धरून शेजारी पंचकोन करा. त्याचे उरलेले तीन कोपरे नायट्रोजन, कार्बन, नायट्रोजन. दुसऱ्या कडेच्या कार्बनला पाचवा नायट्रोजन लावा आणि त्याला दोन हायड्रोजन. दोन नायट्रोजनांच्या मध्ये बसलेल्या दोन्ही कार्बनांना एकेक. शेवटचा हायड्रोजन पंचकोनातल्या त्या नायट्रोजनला, जो कडेच्या कार्बनला जोडलेला आहे.

इथे गप्प राहा. ताटलीत काही उरले नाही आणि काही कमीही पडले नाही, हे मुलांनाच दिसू द्या.

मग सांगा, की १९६० साली होआन ओरो या रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनाइडचे (हायड्रोजन सायनाइड आणि अमोनिया मिळून बनलेल्या क्षाराचे) द्रावण तापवले आणि त्यात अ‍ॅडेनिन मिळाले. डीएनएतले आणि आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीतले अ‍ॅडेनिन ते हेच. सप्टेंबर २०२३ मध्ये बेन्नू या लघुग्रहावरची १२१.६ ग्रॅम माती पृथ्वीवर आली. डीएनए-आरएनएचे पाचही नायट्रोजनी आम्लारी (आपले अ‍ॅडेनिन त्यांतलेच एक) आणि प्रथिनांच्या २० अमिनो आम्लांपैकी १४ त्यात मिळाल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले.

‘म्हणजे तिथे जीव होते का, बाई?’ हा प्रश्न येतोच. उत्तर गुळमुळीत देऊ नका: नाही, यावरून तसे म्हणता येत नाही. अमिनो आम्लांचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमांसारखे, दोन प्रकारचे असू शकतात; सजीवांची प्रथिने डाव्या वळणाच्या अमिनो आम्लांचीच असतात. बेन्नूवर डावी-उजवी जवळपास सारखी निघाली. जीव नसतानाही हे रेणू बनतात, खरी मोठी गोष्ट ती आहे.

वेळ असेल तर नवे दाणे घेऊन सगळ्या गटांनी मिळून साखळी करा: हरभरा, हिरवा, हरभरा, हिरवा, प्रत्येक हरभऱ्याला एक पांढरा. हे पॉलिइमाइन, हायड्रोजन सायनाइडचाच बहुवारिक, म्हणजे तोच रेणू पुन्हा पुन्हा जोडून झालेली साखळी. टायटनच्या उणे १७९ अंश थंडीत असे बहुवारिक वेगवेगळ्या घड्या घेऊ शकतील आणि प्रकाशही शोषतील, असे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी गणिताने दाखवले; टायटनवर ते अजून प्रत्यक्ष सापडलेले नाहीत. तिथले नारिंगी धुके मात्र दिसते. नायट्रोजन आणि मिथेनवर ऊन पडून ते तयार होते. प्रयोगशाळेत बनवलेल्या अशा तपकिरी, चिकट पदार्थांना खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांचे सहकारी, मूळचे भारतातले बिशुन खरे यांनी १९७९ मध्ये थोलिन हे नाव दिले.

साखळी बाकावरून खाली लोंबू देऊ नका, वजनाने तुटते. सावलीत आडवी वाळवली की दाणे आकसून काड्या आवळून धरतात, आणि मग ती वर्गात टांगता येते.